डावऱ्याची कांडी

आमच्या घरात पुस्तक सगळ्यांचं असे आणि घसा माझा. वडगावातल्या त्या लांबट घराच्या मधल्या खोलीत तीन माग होते, तिन्ही खड्ड्याचे. विणणारा जमिनीच्या कडेवर बसून पाय खाली खड्ड्यात सोडी, त्यामुळे बाहेरून आलेल्याला आधी नुसती धडंच दिसत. पहिल्या मागावर आप्पा, म्हणजे माझे वडील. दुसऱ्यावर आक्का, माझी थोरली बहीण. तिसऱ्यावर शेजारचे तुकाण्णा, कारण त्यांच्या घरात माग मांडायला जागा नव्हती. कोपऱ्यात गल्लीतल्याच गंगाक्का रहाट फिरवत कांड्या भरत बसत. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसवायची, सूत गुंडाळलेली बोटभर नळी. मलाही एकदा रहाटावर बसवून पाहिलं होतं. मी इतकं सूत तोडलं, की आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "हिच्या हातात पुस्तक तरी द्या न्हायतर हिला भाईर घाला." तेव्हापासून मी उंबऱ्याशी पाठ टेकून मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी विणता विणता ऐकायचं, असं ठरून गेलं. शाळेतून आलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, की माझी पाळी सुरू. गल्लीतली माणसंही येता-जाता दाराशी थांबून ऐकत.

पुस्तकं शहापुरातल्या वाचनालयातून येत. तिथले गृहस्थ मला निवडू देत नसत. हाताला लागेल ते पुस्तक खिडकीतून पुढे सरकवत. त्यामुळे आमच्या घरानं काय काय ऐकलं याला धरबंध नाही. हिमालयातला प्रवास ऐकला, मधमाश्या कशा पाळाव्यात ते ऐकलं, एका पैलवानाचं चरित्र, खुनाच्या कादंबऱ्या, सासूनं छळलेल्या सुनांच्या कादंबऱ्या, ग्रहताऱ्यांचं शास्त्र, घरगुती औषधं, सगळं एकाच घशातून. आणि प्रत्येक पुस्तकावर प्रत्येकाचं मत होतं. ज्या कादंबरीत कुणी जेवत नाही ती गंगाक्कांना चालत नसे. "अर्धं पुस्तक झालं, ती बाई एकदाबी चूल पेटवीना. जगती कशावर म्हणायची?" तुकाण्णा खुनी कोण हे पहिल्याच दिवशी सांगून टाकत आणि चुकले की लेखकावर चिडत. हिमालयाच्या पुस्तकावर त्यांचं मत असं होतं: "एवढं चढून वर गेला आणि केलं काय, तर खाली बघितलं. मग खालीच ऱ्हायाचं की." आक्काला रडवणारं पुस्तक लागे. सुतावर थेंब पडू नये म्हणून ती मान वळवून रडायची.

खरं सांगायचं तर ही मतं बोलायच्या आधीच मला कळत, कारण ती मागातून ऐकू यायची. आवडीच्या जागी आक्काचा ठोका हलका पडे. कंटाळा आला की तुकाण्णांचा धोटा आदळू लागे. आप्पांच्या मागाचा आवाज सगळ्यांहून वेगळा होता. ते डावरे होते. बाकीचे विणकर ज्या हातानं धोट्याची दोरी ओढत त्याच्या उलट हातानं ते ओढत, त्यामुळे त्यांच्या ठोक्याला जराशी लंगड होती. आमच्या गल्लीत दुसरा डावरा विणकर नव्हता. मोठी माणसं त्यांना 'डावऱ्या' म्हणत, लहान 'आप्पा' म्हणत, नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. ऐकणाऱ्यांत तेच सगळ्यांत चोखंदळ. काही खटकलं की त्यांचा माग थांबे आणि मान न वळवता ते म्हणत, "ते परत वाच." कधी तीच ओळ मी तीनदा वाचलेली आहे. मग ते "हं" म्हणत आणि लंगडा ठोका पुन्हा सुरू होई.

अमावास्येला विणकर माग चालवत नाहीत. त्या दिवशी आई कडबू तळायची, गल्लीतली माणसं दुपारी आमच्याकडे जमायची आणि महिन्याभरात ऐकलेल्या पुस्तकाचा निवाडा व्हायचा. निवाड्याची रीत आप्पांच्या वडलांपासूनची. दोन टोपल्या मांडायच्या, एक देवळीखाली दिव्यापाशी, एक उंबऱ्यापाशी. ज्यानं पुस्तक ऐकलं त्यानं एक रिकामी कांडी घ्यायची. पुस्तक खरं असेल तर दिव्यापाशी टाकायची, रचलेलं असेल तर उंबऱ्यापाशी, आणि टाकताना आपलं मत बोलायचं. वाचणाऱ्याची कांडी नसे. घराचा कर्ता शेवटी टाकणार. रचलेलं म्हणजे वाईट असं बिलकुल नव्हतं. आमची सगळ्यांत लाडकी पुस्तकं उंबऱ्यापाशीच गेली. पण दिव्यापाशी गेलेलं पुस्तक मग गल्लीचं व्हायचं. घरगुती औषधांचं पुस्तक खऱ्या टोपलीत पडलं आणि महिनाभर सगळ्या घरांत कडुनिंबाचा काढा उकळत होता. पोरं लपून बसायची. भांडणात कुणी म्हणालं, "त्या टोपलीतलं हाय ते," की समोरचा गप्प. आज हसू येतं, पण छापलेल्या शब्दावर इतका जीव टाकणारी माणसं मी नंतर कुठं पाहिली नाहीत. तीच आमची चूक होती असंही मला आता वाटतं.

तर त्या वर्षी, गल्लीच्या टोकाला पहिला यंत्रमाग बसून त्याची धडधड भिंतीतून येऊ लागली होती तेव्हा, मालकाचं पुस्तक आलं. मालक म्हणजे ज्यांचं सूत आम्ही विणत होतो ते. माग त्यांचे, सूत त्यांचं, सोनेरी जर त्यांची; लुगडं विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. आमचंच काय, निम्म्या गल्लीचं असंच चाले. त्यांनी आपलं आयुष्य लिहून काढलं होतं आणि जाड पुठ्ठ्याचं, फोटोवालं पुस्तक छापून घेतलं होतं. ते घेऊन त्यांचे दिवाणजी आमच्या दारात उभे राहिले. दिवाणजी मऊ बोलणारे गृहस्थ. माझ्या हातात पुस्तक ठेवून म्हणाले, "बाळ, तू छान वाचतेस असं मालकांच्या कानावर आलंय. ह्या अमावास्येला हेच पुस्तक घ्या. मालक स्वतः येणार आहेत निवाड्याला." आईनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर तुकाण्णा म्हणाले, "आपल्या घरात मालक? आता खुर्ची कुणाची आणायची?" सगळे हसले. आप्पाही हसले.

आक्काचं लग्न तेव्हा निपाणीला ठरत आलं होतं. मुलाचा मामा मालकाच्या दुकानात होता आणि शब्द मालकानंच टाकला होता. त्यामुळे आक्का तर पुस्तक येताच फोटोतल्या मालकाला नमस्कार करून मोकळी झाली. पहिले काही दिवस वाचन मजेत चाललं. मालकाचं बालपण, मालकाच्या वडलांचा दरारा, बेळगावच्या बाजारात डोक्यावर गठ्ठा घेऊन फिरल्याच्या आठवणी. गंगाक्का खूष होत्या, कारण पुस्तकात पानोपानी जेवण होतं. फक्त एक गोष्ट नवी होती. लुगडी न्यायला येणारे दिवाणजी एरवी आठवड्यानं येत, ते आता दर दिवसाआड येऊ लागले. दारात उभं राहून छत्री टेकवायची आणि मला विचारायचं, "कुठवर आलं पुस्तक?" मी पान सांगितलं की ते मान हलवत आणि आप्पांच्या पाठीकडे बघत. "वाचा, वाचा. पुढं जास्त रंगलंय."

वाचताना अडखळू नये म्हणून दुसऱ्या दिवशीची पानं मी चुलीपाशी बसून आधी मनात वाचून ठेवायची. आई भाकरी थापत होती. मी त्या पानावर आले आणि पहिल्यांदा मला काही कळलंच नाही, मी पुन्हा वरपासून वाचलं. मालकानं लिहिलं होतं, की एकदा त्यांच्या वखारीतून जरीची रिळं जाऊ लागली. शोध घेतल्यावर कळलं, की त्यांच्याच मागावर विणणारा एक डावरा विणकर ती नेत होता. 'त्याचं नाव मी इथं लिहीत नाही,' असं पुढं होतं. 'त्याच्या लेकीबाळींकडे बघून मी त्याला क्षमा केली आणि आजही तो माझ्याच सुतावर पोट भरतो आहे.' खाली नवा परिच्छेद. त्यात एका यात्रेचं वर्णन.

मी आईला ते वाचून दाखवलं. तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी काठवटीतच राहिली. ती उठली, मधल्या दाराची कडी लावून आली आणि हळू बोलली. "रिळं गेलीती ती खरी गोष्ट. पण नेली कुणी, मालकाच्या धाकट्या भावानं. तुझ्या आप्पानं त्येला बघितलं आणि जाऊन मालकाला सांगितलं. मालकानं तुझ्या आप्पाचा हात धरला, म्हणला, हे तुझ्यामाझ्यात ऱ्हाऊदे. ऱ्हाऊ दिलं तुझ्या आप्पानं. मलाबी लई वर्सांनी बोलला." "मग असं का लिहिलंय?" मी विचारलं. "आता भाऊ विणकरांच्या सोसायटीच्या निवडणुकीला हुबा हाय न्हवं. लोकं परत रिळांचं काढाय लागल्यात. कुणाच्या तरी डोक्यावर घालाय पायजे की." तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "ते पान वाचू नगंस. खळ सांडली म्हण, पानं चिकटली म्हण. काय बी सांग."

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना वाटभर मी ते वाक्य घोकत आले. पण घरी आले तर दिवाणजी दारात उभे होते, छत्री टेकून. "आज इथंच बसून ऐकतो म्हटलं थोडं," ते म्हणाले आणि उंबऱ्यावर माझ्या शेजारी बसले. त्यांनी पुस्तक स्वतः उघडून, बरोब्बर ते पान काढून माझ्या मांडीवर ठेवलं. आईनं दारातून पाहिलं. मी वाचायला लागले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. 'डावरा विणकर' या शब्दांपाशी आक्काचा माग थांबला. पुढच्या ओळीला तुकाण्णांचा थांबला. गंगाक्कांचा रहाट घरघरत घरघरत थांबला. फक्त आप्पांचा माग चालू होता. तोच लंगडा ठोका, ना हलका, ना जड. मी क्षमेचं वाक्य वाचलं, पोट भरण्याचं वाक्य वाचलं, यात्रेचं वर्णन सुरू झालं तरी ठोका बदलला नाही. परत वाच, असं ते म्हणाले नाहीत. मला त्या आवाजाची त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. दिवाणजींनी थोडा वेळ यात्रा ऐकली, कपडे झटकले आणि "छान वाचते पोरगी" म्हणून निघून गेले.

तुकाण्णांनी पुन्हा धोटा टाकला तो चुकून खाली पडला. जेवायला बसल्यावर आईनं विषय काढला. "नाव न्हाय त्यात," ती म्हणाली. "तुमी गप ऱ्हावा. नाव घेतल्याबिगर कोण कुणाला म्हणणार हाय?"

"डावरा म्हटलंय," आप्पा म्हणाले.

"म्हणूदे. तुमी बोलला तर तुमीच सांगितल्यागत हुतंय, तो डावरा मी म्हणून. आणि पोरीचं लगीन?"

आप्पांनी आमटीत भाकरी कुस्करली. आक्का ताटाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही दिसतं. तिला बापाचा राग आलेला नव्हता, ती नुसती घाबरलेली होती. "आप्पा," ती म्हणाली, "एकच कांडी हाय. दिव्यापाशी टाका आणि इसरा. गल्लीला म्हाईत हाय तुमी कसं हाय ते."

"गल्लीला आज म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. "टोपलीत पडल्यावर काय म्हाईत ऱ्हाईल?" एवढं बोलून ते उठले आणि हात धुवायला मोरीवर गेले.

अमावास्येपर्यंत आमच्या घरात मी वाचत राहिले आणि कुणी ऐकत नव्हतं. यंत्रमागाची धडधड एवढी स्पष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती. नळावर बायका आईला पाहून विषय बदलू लागल्या. खेळताना एका पोरानं मला विचारलं, "तुझ्या बानं जर कुठं ठेवलीया गं?" मी त्याला ढकलून दिलं आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. आपल्यावर काहीतरी येतं आहे आणि ते कोणत्या दिवशी येणार तेही ठाऊक आहे, पण ते थांबवता येत नाही, ही भावना त्या वयात मला पहिल्यांदा कळली. नंतरच्या आयुष्यात ती कितीदा तरी भेटली, दवाखान्याच्या बाकांवर, कोर्टाच्या पायऱ्यांवर. दर वेळी माझ्या कानात तो लंगडा ठोका वाजायचा.

अमावास्येला मालक आले. बरोबर दिवाणजी आणि कुंद्याचा पुडा. तुकाण्णांनी कुणाकडून तरी खुर्ची आणली होती, ती थांबलेल्या मागांच्या मधोमध ठेवली. मालक त्या वेळी म्हातारे झाले होते, गोरे, हसरे. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आप्पांना म्हणाले, "काय रं डावऱ्या, पुस्तक ऐकलं का न्हाय सगळं?" "ऐकलं की मालक," आप्पा म्हणाले. खोली माणसांनी भरली होती, दाराबाहेरही उभी होती, तरी इतकी शांतता होती, की आत कढईत कडबू तळल्याचं ऐकू येत होतं. मी सुपातून कांड्या वाटल्या. टोपल्या मांडलेल्या होत्याच. गंगाक्का सगळ्यांत आधी उठल्या. एरवी ही बाई निवाड्याला तासभर बोलायची. "जेवणाचं चांगलं लिवलंय," एवढंच म्हणाल्या आणि दिव्यापाशी कांडी टाकली. मग एकेक. सगळे दिव्यापाशी. "थोर आयुष्य हाय." "आमच्यावर उपकार हाईत." कांडीवर कांडी पडल्याचा कोरडा आवाज. तुकाण्णांनी कांडी टाकताना आप्पांकडे पाहिलं नाही. आक्कानं मान वळवून टाकली, रडताना वळवायची तशी. उंबऱ्यापाशीची टोपली अगदी रिकामी होती. मालक कुंदा खात होते आणि प्रत्येक कांडीला मान डोलवत होते.

शेवटी आप्पा उठले. कांडी त्यांच्या डाव्या हातात होती. ते दिव्याच्या बाजूला वळतील असं मला वाटलं, आणि देवाशप्पथ सांगते, मला तसंच व्हावं असं वाटत होतं. मला आक्काचं लग्न हवं होतं, भाकरी हवी होती, पुढचं पुस्तक हवं होतं. आप्पा उंबऱ्यापाशी गेले. वाकले. कांडी टोपलीत ठेवली, टाकली नाही. मग मालकाकडे वळून अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "मालक, ह्यातली रिळं मी नेली न्हाईत. कुणी नेली ते तुमाला ठावं हाय. बाकीचं पुस्तक कसं बी आसंल, मला हे रचलेलं वाटलं."

मालकाचा हात तोंडापाशीच राहिला. "मी तुझं नाव लिहिलंय का त्यात?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "लिहिलं असतं तर बरं झालं असतं."

कुणीतरी खोकलं. दिवाणजी उठायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. निवाड्यात तिनं कधी भाग घेतलेला नव्हता. त्या वेळी ती कायम चुलीपाशीच असायची, पुस्तकं मात्र सगळी ऐकलेली असायची. तिचे हात पिठाचे होते. तिनं माझ्या सुपातली एक कांडी उचलली, माणसांमधून वाट काढत उंबऱ्यापर्यंत गेली आणि आप्पांच्या कांडीशेजारी ठेवली. पांढऱ्या बोटांचे ठसे त्या कांडीवर उमटले. ज्या बाईनं सगळे दिवस गप बसा म्हणून जीव खाल्ला होता ती हीच. परत आत गेली आणि कडबू उलटू लागली. आईवडलांचा मला इतका अभिमान आणि इतका राग एकाच क्षणी पुन्हा कधी आला नाही.

मालक रागावले नाहीत. तेच वाईट होतं. त्यांनी रुमालानं बोटं पुसली, "निवाडा म्हटलं की एखादं मत वेगळं असणारच," म्हणाले आणि हसत हसत गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी आले. बरोबर एक माणूस आणि मोठी कातर. विणकराच्या घरात अर्धं लुगडं मागावरून उतरवत नाहीत. घरात मयत झाली तरी ते तसंच ठेवतात आणि सुतक फिटल्यावर पुरं करतात. त्या माणसानं आप्पांच्या मागावरचा ताणा, म्हणजे उभं ताणलेलं सूत, आडवा कापला. ताणलेलं सूत कापताना एक बारीक, चरचरीत आवाज होतो आणि दोन्हीकडची टोकं एकदम मागे जातात. मग आक्काचा ताणा कापला. तिचं लुगडं पदरापर्यंत आलेलं होतं. आप्पा भिंतीला टेकून उभे होते. "सूत मालकाचं आहे," दिवाणजी त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले. तुकाण्णांचा माग कापला नाही, आणि तेच तुकाण्णांना जास्त लागलं असावं. ते बाहेर जाऊन नळाशी बसून राहिले. संध्याकाळपर्यंत तिन्ही माग सुटे करून नेले, तुकाण्णांचा तेवढा गल्लीतल्या दुसऱ्या घरात मांडायला. मधल्या खोलीत तीन उघडे खड्डे राहिले. आईनं त्यांवर फळ्या टाकल्या, तरी मी कितीतरी दिवस ती खोली भिंतीला धरून ओलांडायची.

निपाणीहून निरोप आला, की मुलाला शेतीवाल्या घरातली मुलगी बघितली आहे. आक्का त्या दिवशी आप्पांना म्हणाली, "तुमचं नाव ऱ्हायलं, माझं लगीन गेलं." पुढं तिचं लग्न नंदगडकडं झालं, बरं झालं, पण बापाशी ती सरळ बोलली ती पहिलं मूल झाल्यावर. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि नाव तरी कुठं राहिलं होतं? मालकाच्या पुस्तकाच्या प्रती सोसायटीत वाटल्या गेल्या, भाऊ निवडून आला आणि गल्लीत ज्यांनी आप्पांना आयुष्यभर पाहिलेलं होतं तेही हळूहळू म्हणू लागले, की छापलंय म्हणजे काहीतरी असणारच. त्या अमावास्येनंतर आमच्याकडे निवाडा झाला नाही. आप्पा गल्लीच्या टोकाच्या यंत्रमागावर पाळीनं जाऊ लागले. तिथं डावरं-उजवं काही नव्हतं, यंत्र सगळ्यांना एकाच ठोक्यात चालवी. एकदा मी पुस्तक घेऊन तिथं गेले आणि त्यांच्याजवळ उभी राहून ओरडून वाचायला लागले. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, मग हसून त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. काही वर्षांत त्यांचे कानच गेले.

शेवटच्या आजारात मी त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावून वाचायची. त्यातलं किती पोचायचं कोण जाणे. पुस्तक संपलं की ते विचारायचे, "खरं का रचलेलं?" मी सांगायची. एकदा मी उलट त्यांना विचारलं, "आप्पा, त्या दिवशी कांडी दिव्यापाशी टाकली असती तर?" त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकावर बोट ठेवलं. "तर तुला मी परत वाच म्हणून कधी सांगू शकलो नसतो," म्हणाले.

हे सगळं आज लिहायला बसायचं कारण माझी नात. ती सांबऱ्याजवळच्या कॉलेजात शिकते आणि तिचं वाचन म्हणजे आधी फोनवर लोकांची मतं वाचायची, मग पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवायचं. मला तिची गंमत वाटते; आमच्या मधल्या खोलीसारखंच आहे की हे, फक्त कांड्यांऐवजी तारे. रविवारी दुपारी ती मला मोठ्यानं मतं वाचून दाखवते. अमक्या रहस्यकथेचा शेवट फसला आहे, तमक्या प्रवासवर्णनात लेखक फार बढाया मारतो, स्वयंपाकाच्या पुस्तकात मीठ किती ते दिलेलं नाही. गंगाक्का असत्या तर त्यांनी दिवसभर तो फोन सोडला नसता. परवा अशीच वाचता वाचता ती म्हणाली, "आज्जी, हे बघ, आपल्या वडगावच्या विणकरांवरचं हाय." मालकाचं पुस्तक. नातवानं नव्यानं काढलेलं, तोच फोटो. खाली वाचकांची मतं ओळीनं. प्रेरणादायी. प्रत्येक तरुणानं वाचावं. सत्यकथा. आणि एकीनं लिहिलं होतं, 'चोरी करणाऱ्या डावऱ्या विणकराला मालक क्षमा करतात तो प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आलं.'

तिनं ते सहज वाचलं आणि पुढं गेली. "ते परत वाच," मी म्हणाले. तिनं वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं. मग तिनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला सगळं सांगितलं, जे तिच्या आईलाही धड सांगितलं नव्हतं. चहा गार झाला. ती रागानं लाल झाली, हे लिहू या, ते लिहू या, म्हणाली. मी म्हटलं, एवढं नको. आमच्याकडं एक कांडी टाकायचे आणि एक गोष्ट बोलायचे.

तिनं फोन घेतला. "काय लिहू?"

"रचलेलं आहे, असं लिही. जरीची रिळं डावऱ्यानं नेली नाहीत, असं लिही."

तिनं लिहिलं. "आणि नाव कुणाचं टाकू आज्जी? तुझं?"

मी नाही म्हणाले. मालकाला जे लिहायचं नव्हतं आणि गल्लीनं ज्या नावानं कधी हाक मारली नाही, ते नाव मी तिला एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि तिनं ते घातलं: मारुती परशराम वाळवेकर, विणकर, वडगाव. मग मी तिला म्हटलं, पुढं एक शब्द अजून घाल, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. डावरा.